आयसीयूतली सिस्टर आणि ड्युटीचा तक्ता

सातपाटीत मध्यरात्री कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो, न्यायचं कुठे? पालघर सुमारे दहा किलोमीटरवर. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयं आहेत. तिथे जमण्यासारखं नसेल तर बोईसर, नाहीतर विरार-वसई. महामार्ग गाठला तर उत्तरेला वापी नाहीतर सिल्वासा, दक्षिणेला थेट मुंबई. या वाटेवर पेशंट जिथे जिथे थांबतो, तिथे त्याचा हात धरून शीर शोधणारी, मॉनिटर लावणारी, रात्रभर शेजारी उभी राहणारी बाई म्हणजे सिस्टर. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या या सिस्टरवर येणारा ताण आणि त्यातून तिचं हळूहळू रितं होत जाणं यावर गेली पन्नास वर्षं जगभर अभ्यास चालू आहे. तो अभ्यास पालघरच्या डोळ्यांनी वाचला तर काय हाती लागतं, ते इथे मांडतो. माझं मत आधीच सांगतो. या थकव्याचं मूळ सिस्टरच्या स्वभावात फार थोडं आणि भिंतीवर लावलेल्या ड्युटीच्या तक्त्यात फार जास्त आहे.

आधी हा भाग समजून घ्यायला हवा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर राज्याचा ३६वा जिल्हा झाला. एका बाजूला समुद्र आणि मच्छीमारांची गावं, मधे तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९पासून वीज देणारं अणुवीज केंद्र, वर जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी पट्टा, आणि या सगळ्यातून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. पेशंटही तसेच येतात. कारखान्यात भाजलेले, वायूने गुदमरलेले, ट्रकखाली सापडलेले, साप चावलेले, बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाया. ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी तारापूर वसाहतीतल्या स्फोटात ८ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ला बोईसरच्या औषध कारखान्यातल्या वायुगळतीत ४ कामगार गेले. ४ सप्टेंबर २०२२ला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा त्यांना आणलं गेलं ते कासा इथल्या सरकारी रुग्णालयात, आणि जखमींना पुढे वापीला हलवावं लागलं. जुलै २०२५च्या अखेरीस पालघरहून मुंबईला नेली जाणारी एक जखमी महिला महामार्गाच्या कोंडीत अडकली आणि वाटेतच दगावली.

या भूगोलाचा सिस्टरच्या मनाशी थेट संबंध आहे. मोठ्या शहरातल्या आयसीयूत पेशंट येतो, झगडतो, आणि बरेचदा बरा होऊन चालत जातो. ते पाहणं हीच सिस्टरची खरी कमाई असते. इथे मात्र पुष्कळ वेळा काम असतं ते पेशंटला स्थिर करून पुढे पाठवण्याचं. ट्यूब घातली, रक्तदाब सावरला, ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं, आणि संपलं. तो मुंबईला पोचला का, वाचला का, हे तिला कुणी कळवत नाही. मोठ्या रुग्णालयाने आठवड्याने एक फोन करून ‘तुम्ही पाठवलेला पेशंट घरी गेला’ एवढं सांगितलं, तर त्याला पैसा लागत नाही. जिल्ह्यात ही पद्धत सुरू व्हायला काहीच हरकत नाही.

या रितं होण्याबद्दल ‘बर्नआउट’ हा शब्द वापरून पहिल्यांदा लिहिलं ते न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४मध्ये. १९८१मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. जीव पार थकून गेला आहे का, पेशंटबद्दल कोरडेपणा आला आहे का, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागलं आहे का. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात याची नोंद घेतली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं आहे. म्हणजे उपाय शोधायचा तो कामाच्या ठिकाणीच.

आयसीयूच्या परिचारिकांवरचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा अभ्यास २००७मध्ये फ्रान्समधून आला. १६५ अतिदक्षता विभाग, २,३९२ परिचारिका आणि साहाय्यक. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांमध्ये तीव्र बर्नआउट आढळला. पण खरी गंमत आकड्यात नाही, तो कशाशी जोडलेला निघाला त्यात आहे. आपली सुट्टी कोणत्या दिवशी घ्यायची हे स्वतः ठरवता येतं का? विभागातल्या एखाद्या अभ्यासगटात आपल्याला जागा आहे का? इनचार्ज सिस्टरशी आणि डॉक्टरांशी संबंध कसे आहेत? पेशंटशी खटके उडतात का? आणि मरणाऱ्या पेशंटची शुश्रूषा किती वेळा करावी लागली? तिथे पेशंटचा आजार किती गंभीर आहे याहून या गोष्टी जास्त बोलक्या ठरल्या.

सुट्टीचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. पण सातपाटीत किंवा वडराईत वाढलेल्या मुलीला नारळी पौर्णिमेला घरी असणं म्हणजे काय, हे त्या घरातल्या माणसाला विचारावं. पावसाळी मासेमारीबंदी संपून बोटी पुन्हा समुद्रात जायच्या त्या दिवसांत बाप-भाऊ निघायच्या आधी एकदा भेटायचं असतं. गौरी-गणपतीत माहेर-सासर दोन्हीकडची कामं असतात. रोस्टर महिन्याच्या शेवटच्या दिवशी हातात पडत असेल, त्यातही ऐन वेळी ‘स्टाफ कमी आहे, डबल ड्युटी कर’ असा फोन येत असेल, तर तिच्या हाती स्वतःच्या आयुष्याची एकही तारीख उरत नाही. रोस्टर पंधरा दिवस आधी लावणं, तो लावायच्या आधी एक कागद फिरवून प्रत्येकीला दोन-तीन तारखा निवडू देणं, आपसात अदलाबदल करायची मुभा देणं, या तिन्ही गोष्टी इनचार्जच्या हातात असतात. यातला ताण कमी करायला समुपदेशक लागत नाही.

पण तारखा निवडायला माणसं हवीत. इथे मोजणी कठीण आहे, पण टाळता येणारी नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की अतिदक्षता विभागात दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव. दहा खाटांचं आयसीयू घ्या. तीन पाळ्या, म्हणजे ३०. त्यात राखीव धरले की ३९. व्हेंटिलेटरवर नसलेल्या पेशंटसाठी दोघांमागे एक धरली, आणि सगळे दहाही पेशंट तसेच निघाले, तरी वीसच्या आसपास लागतातच. पालघर-बोईसरमध्येच काय, मुंबईतही आपल्या ओळखीच्या रुग्णालयात जाऊन रात्रीच्या पाळीला किती सिस्टर आहेत ते मोजून पाहावं. समुद्रावर निघताना खलाशी पुरेसे नसतील तर तांडेल बोट बंदराबाहेर काढत नाही, आयसीयूत मात्र आपण अपुऱ्या माणसांवर रोज रात्र काढतो.

माणसं वाढवून फरक पडतो का, हा प्रश्न संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२च्या अभ्यासाने बराचसा मिटवला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं त्यांनी तपासली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात परिचारिकेकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती, आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९मध्ये परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदाच केला, तो २००४पासून लागू झाला. तिथे आयसीयूत एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन पेशंट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१६मध्ये काही सरकारी रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डांत प्रमाण ठरवलं. पाच वर्षांनी त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा मृत्यू कमी झालेले होते, पेशंट लवकर घरी जात होते, आणि वाढीव परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक पैसे वाचले होते. वॉर्ड आणि आयसीयू एक नव्हेत, क्वीन्सलँड आणि कोकणही एक नव्हेत, हे मान्य. तरी ‘परवडत नाही’ हे उत्तर तपासल्याशिवाय घेण्यासारखं राहिलेलं नाही. कोविडच्या काळात, मे २०२०मध्ये, महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. डॉक्टरांपेक्षा परिचारिका दुप्पट. कमी कुठे होती ते सरकारला त्या वेळी नेमकं कळलेलं होतं.

पाळी किती तासांची असावी, यावर मात्र इथे घाईने निकाल देता येत नाही. युरोपातल्या १२ देशांतल्या ३१ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत बारा तासांच्या पाळीत थकवा जास्त आणि नोकरी सोडण्याचा विचारही जास्त दिसला. त्यामुळे संशोधक आठ तासांच्या बाजूने आहेत. पण २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, आणि पालघर, केळवे रोड, सफाळ्याच्या मुली विरार-बोरिवलीपलीकडच्या रुग्णालयांत कामाला जाऊ लागल्या. सातपाटीहून निघायचं तर आधी एसटी नाहीतर रिक्षाने पालघर स्टेशन, मग लोकल, मग पुन्हा रिक्षा. आठ तासांची पाळी म्हणजे आठवड्यात सहा वेळा हा प्रवास. बारा तासांची म्हणजे तीन-चार वेळा. अनेक जणी बारा तासच मागतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दुपारची पाळी रात्री उशिरा सुटली की पुढे लोकल मिळेल, पण स्टेशनवरून घरी कसं पोचायचं? त्यामुळे इथे पाळीचे तास आणि येण्याजाण्याची सोय एकत्रच ठरवायला हवी. रात्री सुटणाऱ्या सिस्टरला घरापर्यंत सोडणारी गाडी, किंवा रुग्णालयाजवळ झोपायला स्वच्छ खोली, हा माझ्या मते ताण कमी करण्याचाच उपाय आहे, ती मेहेरबानी नव्हे.

रात्रीच्या झोपेचंही तसंच. २००६मध्ये अमेरिकेतल्या एका तातडीच्या विभागात ४९ डॉक्टर-परिचारिकांवर साधा प्रयोग झाला. पहाटे तीनला काहींना चाळीस मिनिटं झोपू दिलं. सकाळी साडेसातला त्यांची सावधता इतरांपेक्षा चांगली होती. आपल्याकडे रात्रपाळीत सिस्टर डोळा लागलेली सापडली तर मेमो मिळतो. दोघींनी आळीपाळीने, तिसरीला सांगून, वेळ लावून झोपायची परवानगी लेखी द्यावी. चोरून घेतलेल्या झोपेपेक्षा ती पेशंटसाठी कितीतरी सुरक्षित आहे.

अलार्मबद्दल थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पाच आयसीयूंमध्ये एका महिन्यात मॉनिटरचे पंचवीस लाखांहून जास्त इशारे नोंदले गेले, आणि कानावर पडणारे खाटेमागे दिवसाला १८७. बहुतेक निरर्थक. छातीवरचे इलेक्ट्रोड रोज बदलणं आणि इशाऱ्याची मर्यादा त्या त्या पेशंटप्रमाणे लावणं, एवढ्यानेही आवाज पुष्कळ कमी होतो. हे उद्या सकाळच्या राउंडपासून करता येईल.

आता योग, ध्यान, समुपदेशन. परिचारिका दिनाला, १२ मे रोजी, हे कार्यक्रम हमखास होतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत. कॉक्रेन संस्थेने २०२३मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक पातळीवरच्या उपायांचे ११७ अभ्यास तपासले. विचारांना वळण देणारी शिबिरं, श्वसन, विश्रांतीची तंत्रं यांनी ताण काही महिने, कदाचित वर्षभर, कमी होतो असं दिसलं. पुराव्याचा दर्जा मात्र फार भक्कम नाही. १० ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा मराठीतही मिळते, ती वापरावी. पण रिकामा रोस्टर तसाच ठेवून सिस्टरला प्राणायाम शिकवला, तर ती ‘तुझंच मन कमकुवत’ असा त्याचा अर्थ लावते, आणि तिचं काही चुकत नाही.

वैयक्तिक उपायांत एक अभ्यास मात्र मला चकित करून गेला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला, फ्रान्समधल्या आठ आयसीयूंमधला, १९८ परिचारिकांवरचा. निम्म्या जणींना पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यात वर्गातला अभ्यास होता, भूमिका घेऊन केलेले प्रसंग होते, आणि बाहुल्यावर हुबेहूब उभे केलेले आणीबाणीचे प्रसंग व त्यानंतरची चर्चा होती. सहा महिन्यांनी कामाचा अतिताण प्रशिक्षण घेतलेल्यांत १३ टक्के, न घेतलेल्यांत ६७ टक्के. पेशंट तेच, विभागही तेच. आपलं काम आपल्याला येतं, या खात्रीनेच एवढा फरक पडला. आपल्याकडे परिचर्येचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली बावीस वर्षांची मुलगी पहिल्याच आठवड्यात व्हेंटिलेटरसमोर उभी केली जाते, आणि चुकली तर सगळ्यांदेखत ओरडा खाते. परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आहे, पण बोईसरच्या छोट्या आयसीयूतल्या मुलीला तो दूरचा आहे. तिला हवं आहे ते पाच दिवसांचं शिबिर, तेही इथल्या कामाचं. वायू नाकात गेलेला कामगार, आम्लाने भाजलेला हात, सर्पदंशानंतर श्वास बंद पडणं. तारापूरचे कारखानदार, जिल्हा आरोग्य विभाग आणि इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन यांनी मिळून हे करता येण्यासारखं आहे. कारखान्यांत आपत्तीची रंगीत तालीम होतेच, तिच्यात आयसीयूच्या सिस्टरही हव्यात.

मरणाजवळचा प्रश्न याहून अवघड. योग्य काय ते कळतं, पण करता येत नाही, या अवस्थेला अमेरिकी तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४मध्ये नैतिक क्लेश म्हटलं. आयसीयूतली सिस्टर तो रोज भोगते. वाचण्याची आशा संपलेल्या म्हाताऱ्याच्या घशात वीस वेळा सक्शन टाकायचं, आणि बाहेर त्याचा मुलगा पुढच्या दिवसाच्या बिलासाठी सोनं गहाण ठेवून येतो ते पाहायचं. निर्णय डॉक्टर आणि घरच्यांचा, हात तिचे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला सन्मानाने मरण्याचा हक्क आणि शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र मान्य केलं, २४ जानेवारी २०२३ला त्याची प्रक्रिया सोपी केली. महाराष्ट्राने नंतर स्थानिक स्वराज्य संस्थांत अशी इच्छापत्रं सांभाळणारे अधिकारीही नेमले. हे गावागावांत कळलं, आणि घरच्यांशी बोलताना डॉक्टरांनी सिस्टरला शेजारी बसवलं, तर तिचं ओझं नक्की हलकं होईल. व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने २००९च्या सुमारास एक प्रथा सुरू केली. पेशंट गेला की सगळ्यांनी मिनिटभर स्तब्ध उभं राहायचं, मगच पुढची खाट. आपल्याकडे मृतदेहाला हात जोडायची रीत आहेच, तिला कामाच्या वेळेत जागा द्यायला हवी.

परिचर्येच्या कामातच माणूस जळून जातो, असं मानणाऱ्यांनी मुंबईचं केईएम आठवावं. २७ नोव्हेंबर १९७३ला अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्याच रुग्णालयात तिथल्याच सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. ती १८ मे २०१५ला गेली. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं, आणि तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. ती त्यांची होती, आणि तिचं काय करायचं यात त्यांचा शब्द होता. सेवेने त्या थकल्या नाहीत.

परदेशी अभ्यासांत न सापडणारी एक गोष्ट आपल्याकडे मोठी आहे, ती म्हणजे आरोपी होण्याची भीती. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागून १० बाळं गेली. गुन्हा ड्युटीवरच्या दोन परिचारिकांवर नोंदला गेला. २३ एप्रिल २०२१च्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, विरारच्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत, आगीने किमान १३ कोविड रुग्ण घेतले. ६ नोव्हेंबर २०२१ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत किमान ११. तिथे एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. विजेच्या तारा, अग्निशमन यंत्रणा, तपासणी, निधी, यातलं काहीही सिस्टरच्या हाती नसतं. चौकशी जरूर व्हावी, पण बेड्या सगळ्यात खालच्या पायरीवर पडल्या की राज्यातल्या प्रत्येक आयसीयूत रात्रपाळीच्या मुलीच्या पोटात गोळा येतो. मला या विषयावर शांतपणे लिहिता येत नाही. नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध राज्यात २०१०चा कायदा आहे आणि तो परिचारिकांनाही लागू आहे. त्यात तक्रार रुग्णालयाने स्वतः नोंदवावी, सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये, एवढी शिस्त तरी प्रत्येक संस्थेने लावून घ्यावी.

आणि पगार. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर समिती बसली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही २० हजारांहून कमी देऊ नये, दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी वेतनाइतकं द्यावं, अशी तिची शिफारस. बहुतेक ठिकाणी ती शिफारसच राहिली. राज्यातल्या सरकारी परिचारिका मे २०२२मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, जुलै २०२५मध्ये वेतनातल्या तफावतीसाठी आणि कायम भरतीसाठी पुन्हा. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुलींनी जरूर जावं. पण आयसीयूत तीन वर्षं तयार झालेली सिस्टर गेली की तिच्या जागी पुन्हा नवशिकी येते, आणि उरलेल्यांच्या वाट्याला तिला शिकवण्याचं कामही येतं.

पालघरचं जिल्हा रुग्णालय आणि मनोरचं ट्रॉमा केअर सेंटर यांची वाट हा जिल्हा वर्षानुवर्षं पाहतो आहे. चर्चा सगळी इमारत, खाटा आणि यंत्रांची होते. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी, मच्छीमार संस्थांनी आणि बोईसरच्या कामगार संघटनांनी पदनिर्मितीचा कागद मागून पाहावा. त्यावर आयसीयूच्या दहा खाटांसमोर किती परिचारिका लिहिल्या आहेत, त्यातल्या कायम किती, कंत्राटी किती, रजेसाठी राखीव किती, आणि रात्री सुटणाऱ्यांच्या निवासाची सोय कोणत्या मजल्यावर आहे, हे उद्घाटनाची तारीख ठरण्याआधी विचारावं.